सावनेरची आमदारकी आणि जिल्हा बँकेचे पैसे: एकवीस वर्षं चाललेल्या एका खटल्याची गोष्ट

२२ डिसेंबर २०२३, शुक्रवार. नागपूरच्या अतिरिक्त मुख्य न्यायदंडाधिकारी कोर्टाने नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या रोखे घोटाळ्याचा निकाल दिला. घोटाळ्याच्या वेळी बँकेचे अध्यक्ष असलेले आणि निकालाच्या दिवशी सावनेरचे काँग्रेस आमदार असलेले सुनील केदार आणि आणखी पाच जण दोषी ठरले, तिघे सुटले. केदारांना ५ वर्षांची शिक्षा आणि लाखोंचा दंड झाला, एक-दोन दिवसांत विधानभवनातून अधिसूचना निघाली आणि आमदारकी गेली. बातम्यांमध्ये सगळीकडे "मोठा दणका" वगैरे चाललं होतं. पण ज्या व्यवहारांवर ही शिक्षा झाली ते व्यवहार २००१-०२ चे आहेत, म्हणजे तेव्हा जन्मलेलं पोर या निकालाच्या दिवशी मतदार होऊन बसलं होतं.

गुन्हेगार राजकारणी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर बंदूकवाला बाहुबली येतो, बिहार येतं, यूपी येतं. मला मात्र हे नागपूरचं प्रकरण जास्त महत्त्वाचं वाटतं. इथे गोळीबार नाही, खंडणी नाही, सगळा मामला कागदावरचा आहे, साक्षीदाराला धमकावून मिटवता येईल असंही यात फारसं काही नाही, आणि तरीही निकालाला दोन दशकं लागली. त्या दोन दशकांत लोकशाहीचं काय झालं ते नीट बघितलं पाहिजे.

आधी घोटाळा काय होता ते समजून घेऊ. जिल्हा बँकेला ठेवींचा ठराविक हिस्सा सरकारी रोख्यांत ठेवावाच लागतो. सरकारी रोखा म्हणजे सरकारला दिलेलं कर्ज, त्यामुळे सगळ्यात सुरक्षित गुंतवणूक. नागपूर बँकेने हे रोखे खासगी दलाल कंपन्यांमार्फत घेतले. त्यातली एक होम ट्रेड, नवी मुंबईची. नाव ऐकलं असेल, कारण त्या काळात सचिन तेंडुलकर, शाहरुख खान, हृतिक रोशन यांना घेऊन त्यांच्या जाहिराती टीव्हीवर जोरात चालू होत्या. बाकीच्या कंपन्या मुंबई, अहमदाबाद, कोलकात्याकडच्या. बँकेने पैसे दिले, कंपन्यांकडून खरेदीचे कागद आले, पण खरे रोखे बँकेच्या हातात आलेच नाहीत. पैसेही परत आले नाहीत. आकडा दीडशे कोटींच्या आसपास. नुसत्या नागपूरचे नाहीत, वर्धा आणि उस्मानाबादच्या जिल्हा बँकांचेही पैसे याच होम ट्रेडमध्ये अडकले.

या घोटाळ्यांनंतर २००२ मध्येच रिझर्व्ह बँकेने सरकारी रोखे डिमॅट स्वरूपातच, म्हणजे कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक खात्यातच, ठेवायची सक्ती केली. म्हणजे नियामकाला भोक कुठे आहे ते काही आठवड्यांत कळलं आणि त्याने ते बुजवलं. कोर्टात मात्र त्याच व्यवहाराचा निकाल लागायला २०२३ उजाडलं. हा फरक मला फार बोचतो.

आणि पैसे कोणाचे होते? जिल्हा बँक म्हणजे शेतकऱ्याची बँक, गावची सेवा सोसायटी पीककर्ज देते ते या बँकेच्या जोरावर. काटोल-नरखेडचा संत्रावाला असो की उमरेड-भिवापूरकडचा मिरचीवाला, राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात ज्याला कोणी उभं करत नव्हतं त्याचं खातं इथे. बँक डबघाईला आली. एकट्या या घोटाळ्यामुळे आली असं मी म्हणणार नाही, थकीत कर्जं होती, बाकीचा कारभारही होता, पण दीडशे कोटींचा खड्डा एका जिल्हा बँकेला सोसवणारा नव्हताच. पुढे २०१४ ला केंद्राने बँकिंग परवाना नसलेल्या देशातल्या २३ जिल्हा बँकांना सावरायची योजना आणली, त्यात महाराष्ट्रातल्या तीन होत्या: नागपूर, वर्धा, बुलडाणा. म्हणजे शेवटी करदात्याच्या पैशातून टेकू द्यावा लागला.

आता दुसरी पट्टी याच्या शेजारी ठेवून बघा. गुन्हा दाखल २००२, आरोपपत्रही त्याच वर्षी. विधानसभेच्या निवडणुका २००४, २००९, २०१४, २०१९. चारही वेळा सावनेरमधून केदार निवडून आले. २०१९ च्या शेवटी महाविकास आघाडीचं सरकार आलं तेव्हा ते कॅबिनेट मंत्री झाले, पशुसंवर्धन, दुग्धविकास, क्रीडा ही खाती, आणि वर्ध्याचं पालकमंत्रिपद. वर्धा म्हणजे जिथल्या जिल्हा बँकेलाही होम ट्रेडने बुडवलं होतं तोच जिल्हा. वर्ध्याच्या व्यवहाराशी केदारांचा संबंध होता असं मी अजिबात म्हणत नाहीये. मी एवढंच म्हणतोय की सहकारी बँकेच्या पैशांच्या खटल्यात आरोपी असलेला माणूस अशा जिल्ह्याचा पालकमंत्री होतो आणि कायद्याच्या पुस्तकात त्याला अडवणारी एकही ओळ सापडत नाही.

इथे लोक म्हणतात मतदारांनाच अक्कल नाही. मला हे म्हणणं पटत नाही, आणि थोडं रागही येतो. सुप्रीम कोर्टाने २ मे २००२ ला निकाल दिला की उमेदवाराने आपल्यावरचे गुन्हे जाहीर केलेच पाहिजेत, म्हणजे नेमका हा घोटाळा उजेडात येत होता त्याच दिवसांत. संसदेने त्यातून पळवाट काढायचा प्रयत्न केला, मार्च २००३ मध्ये कोर्टाने तीही बंद केली. तेव्हापासून उमेदवाराला आपल्यावरचे खटले शपथपत्रात लिहावे लागतात. हा खटला तर लिहिला नसता तरी नागपूर जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही माहीत होता, पेपरात वर्षानुवर्षं येत होता. माहिती नव्हती म्हणून मतं दिली असं झालेलंच नाही.

मग दिली का? सावनेर-कळमेश्वरचा माणूस काय विचार करतो बघा. त्याला ट्रान्सफॉर्मर जळाला की फोन उचलणारा आमदार हवा असतो, कोळसा खाणीत जमीन गेली तर मोबदल्यासाठी भांडणारा हवा असतो, कळमेश्वर एमआयडीसीत पोराला चिकटवणारा हवा असतो. केदारांचे वडील बाबासाहेब केदार सहकारातले मोठे पुढारी, घराण्याचा गावोगाव संपर्क, आणि "भाऊ काम करतो" ही ख्याती. समोर खटला आहे, पण खटल्याचा निकाल नाही. कोर्टालाच दहा-पंधरा वर्षांत ठरवता आलं नाही की हा माणूस दोषी आहे की नाही, तर ते मतदाराने एका मिनिटात बटण दाबताना ठरवावं ही अपेक्षाच अन्यायाची आहे. "दोषी असता तर आतापर्यंत आत नसता गेला का?" हा प्रश्न गावातला साधा माणूस विचारतो आणि त्याला आपल्याकडे उत्तर नसतं. निकाल लांबतो तेव्हा आरोपीला फक्त वेळ मिळतो असं नाही, त्याला निर्दोषपणासारखं काहीतरी मिळतं, दर निवडणुकीत थोडं थोडं.

२०१४ ची निवडणूक तर लक्षात ठेवण्यासारखी. तेव्हा सावनेरमध्ये भाजपचे उमेदवार सोनबा मुसळे यांचा अर्ज सरकारी कंत्राटाच्या मुद्द्यावर बाद झाला. लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ९अ आहे, सरकारी कंत्राट चालू असेल तर निवडणूक लढवता येत नाही. हे कलम चुकीचं आहे असं नाही, हितसंबंध आड येऊ नयेत म्हणून ते आहे. पण त्याच मतदारसंघात, त्याच छाननीत, एकाचा अर्ज कंत्राटामुळे उडतो आणि दीडशे कोटींच्या विश्वासघाताच्या खटल्यातल्या आरोपीचा अर्ज बिनदिक्कत मंजूर होतो, कारण कायद्याला कंत्राट आज दिसतं आणि गुन्हा फक्त शिक्षा झाल्यावर दिसतो.

एकवीस वर्षं लागली कशी? कोणी एक जण गुन्हेगार दाखवता येत नाही हेच यातलं अवघड आहे. सीआयडीचा तपास, हजारो पानांची कागदपत्रं, आरोपी वेगवेगळ्या राज्यांतले. प्रत्येक अंतरिम आदेशावर वरच्या कोर्टात जायची सोय. याच दलालांवर इतर राज्यांतही खटले होते, ते सगळे एकत्र करा म्हणून प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, त्यातही काळ गेला. मधल्या काळात न्यायाधीश बदलतात, नवीन माणसाला फाइल पहिल्या पानापासून वाचावी लागते. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाल्या, खटला लवकर संपवा म्हणून आदेश झाले. आणि ज्यांनी हा पाठपुरावा केला, कोर्टात वर्षानुवर्षं खेटे घातले, त्यांच्याशिवाय हा निकाल २०२३ मध्येही लागला नसता असं माझं स्पष्ट मत आहे. सरकार म्हणून बघायला गेलं तर या काळात काँग्रेस-राष्ट्रवादीचंही होतं, भाजप-सेनेचंही होतं, आणि कोणाच्याच राज्यात हा खटला धावला नाही. त्यामुळे हा एका पक्षाचा विषय करू नका.

आता आमदारकी इतक्या झटपट गेली ती कशामुळे, तर १० जुलै २०१३ च्या लिली थॉमस निकालामुळे. त्याआधी लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ८(४) होतं. सामान्य माणसाला २ वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की तो लगेच अपात्र, पण बसलेल्या आमदार-खासदाराला तीन महिन्यांची सवलत, आणि त्या तीन महिन्यांत अपील टाकलं की अपिलाचा निकाल लागेपर्यंत खुर्ची शाबूत. सुप्रीम कोर्टाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं. मनमोहन सिंग सरकारने ते वाचवायला अध्यादेश आणला होता, राहुल गांधींनी दिल्लीच्या प्रेस क्लबमध्ये येऊन तो फाडून फेकायच्या लायकीचा आहे असं म्हटलं आणि २ ऑक्टोबर २०१३ ला तो मागे घेतला गेला. पुढे मार्च २०२३ मध्ये सुरतच्या कोर्टाच्या २ वर्षांच्या शिक्षेने राहुल गांधींची स्वतःची खासदारकी याच नियमाने गेली, आणि ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने दोषसिद्धीला स्थगिती दिल्यावर परत आली. कलम ८(४) आज असतं तर केदार अपील टाकून २०२४ पर्यंत आरामात आमदार राहिले असते. म्हणून २०१३ चा निकाल मोठाच आहे, त्यात वाद नाही. पण तो निकाल फक्त शेवटचं दार बंद करतो, त्या दारापर्यंत पोचायला लागणाऱ्या एकवीस वर्षांना तो हातही लावत नाही.

पुढचं थोडक्यात. ९ जानेवारी २०२४ ला हायकोर्टाने शिक्षा स्थगित करून जामीन दिला. नागपूर सेंट्रल जेलमधून बाहेर येताना समर्थकांनी रॅली काढली, त्यावरून पोलिसांनी गुन्हाही नोंदवला. इथे अनेकांचा गोंधळ होतो म्हणून सांगतो. शिक्षेला स्थगिती म्हणजे तुरुंगातून बाहेर, बस. अपात्रता उठवायची तर दोषसिद्धीलाच स्थगिती लागते, आणि ती कोर्ट क्वचित देतं. केदारांनी तीही मागितली, जुलै २०२४ मध्ये हायकोर्टाने नाकारली. त्यामुळे नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा त्यांना लढता आली नाही. शिक्षेचा काळ आणि सुटकेनंतर ६ वर्षं अशी अपात्रता कायद्यात आहे, वरच्या कोर्टात निर्दोष ठरले तर अर्थातच ती जाईल. त्यांनी अपील केलंय, आणि वरच्या कोर्टात दाद मागायचा त्यांचा हक्क पूर्ण आहे हेही तितकंच खरं.

सावनेरला मात्र त्या काळात आमदारच नव्हता. विधानसभेची मुदत संपायला एक वर्षापेक्षा कमी काळ राहिला असेल तर पोटनिवडणूक घ्यायचं बंधन नसतं, इथे अकरा महिने उरले होते, म्हणून जागा रिकामीच राहिली. उशिरा आलेल्या न्यायाची ही किंमत मतदारांनी मोजली, याकडे कोणी फारसं बघितलं नाही. त्याच वर्षी लोकसभेला रामटेकमध्ये काँग्रेसचे श्यामकुमार बर्वे जिंकले, त्या प्रचाराची सूत्रं केदारांच्याच हातात होती. अपात्र ठरलेला नेता प्रचार करू शकतो, उमेदवार ठरवू शकतो, पक्ष चालवू शकतो. विधानसभेला पक्षाने तिकीट दिलं ते त्यांच्या पत्नी अनुजा केदार यांना. त्या हरल्या, भाजपचे आशिष देशमुख २६ हजारांच्या आसपास मतांनी जिंकले. हेच देशमुख २००९ मध्ये केदारांकडून अगदी थोडक्यात हरले होते.

आता खरा प्रश्न. गुन्हेगारांना राजकारणातून हटवायचे जे उपाय आपण रोज ऐकतो, ते या प्रकरणाला लावून बघू.

विधी आयोगाने फेब्रुवारी २०१४ च्या २४४व्या अहवालात सांगितलं की ५ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात कोर्टाने आरोप निश्चित केले, म्हणजे आरोपपत्र बघून कोणत्या आरोपांवर खटला चालवायचा ते ठरवलं, की तिथेच अपात्र करा, मात्र अर्जांच्या छाननीच्या आधीच्या एका वर्षातले आरोप धरू नका, म्हणजे ऐन निवडणुकीत कोणी खोटी केस टाकून काटा काढणार नाही. विचार चांगला आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठापुढे हाच मुद्दा आला, पण कोर्ट म्हणालं हा संसदेचा अधिकार, आम्ही अपात्रतेचं नवं कारण घालू शकत नाही, तुम्ही पेपरात-टीव्हीवर तीनदा गुन्हे छापा. संसदेने आजवर तो कायदा केलेला नाही. पण समजा केला, तरी आपल्याकडे आरोप निश्चित व्हायलाच कित्येक वर्षं लागतात, आणि उद्या अपात्रता त्या टप्प्यावर आणली तर आरोपीचा सगळा जोर तो टप्पा लांबवण्यावर लागेल. आज निकाल लांबवतात, उद्या आरोपनिश्चिती लांबवतील.

मार्च २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की आमदार-खासदारांवरचे असे खटले आरोप निश्चित झाल्यापासून एका वर्षात संपवा. तेव्हा नागपूरचा खटला बारा वर्षांचा होता. त्यानंतर अजून पावणेदहा वर्षं लागली. फेब्रुवारी २०२० मध्ये कोर्टाने पक्षांना सांगितलं, गुन्हे असलेला उमेदवार का निवडला याचं कारण जाहीर करा, नुसती निवडून यायची क्षमता हे कारण चालणार नाही. पक्ष आता कारणं छापतात, लोकप्रिय आहेत, समाजसेवा करतात, केस राजकीय आहे, एकच मजकूर नावं बदलून.

आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेलं १३०वं घटनादुरुस्ती विधेयक: मंत्री, मुख्यमंत्री, पंतप्रधान सलग ३० दिवस कोठडीत राहिले तर पद जाईल. सध्याच्या वातावरणात मला हे धोक्याचं वाटतं, कारण यात निकाल नाही, आरोपनिश्चितीसुद्धा नाही, फक्त अटक आहे, आणि अटक कोणाच्या हातात असते ते सगळ्यांना माहितीये. शिवाय या प्रकरणात ते काही कामाचंच नव्हतं. केदार मंत्री असताना कोठडीत नव्हते, त्यांचा खटला शांतपणे तारखांवर चालला होता. म्हणजे हे विधेयक विरोधकाला उडवू शकतं, पण दोन दशकं लोंबकळलेल्या खटल्यातल्या मंत्र्याला धक्का लावत नाही.

आकडे म्हणाल तर २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी २५१ खासदारांनी शपथपत्रात गुन्हे सांगितलेत, १७० जणांवरचे गंभीर. यात रास्ता रोको, मोर्चा, जमावबंदी मोडल्याच्याही केसेस येतात. शेतकऱ्यांसाठी रस्त्यावर बसलेला आणि बँकेच्या पैशांच्या खटल्यातला यांना एकाच यादीत बसवणं चूक आहे, त्यामुळे सरसकट बंदीच्या मी विरोधात आहे. फरक करायची जागा एकच, कोर्ट, आणि कोर्टाने तो वेळेत करायला पाहिजे.

म्हणून माझी मागणी आरोपीला थांबवण्याची नाही, खटल्याला पळवण्याची आहे. ज्याच्यावर ५ वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याचं आरोपपत्र आहे त्याने उमेदवारी अर्ज भरला की त्याच दिवशी तो खटला आपोआप रोजच्या सुनावणीवर जावा. निवडून यायचंय तर या, पण अडीच वर्षांत, म्हणजे अर्ध्या टर्ममध्ये, निकाल लागलाच पाहिजे. त्या काळात त्या न्यायाधीशाची बदली नको, अंतरिम आदेशांवरची अपिलं एका ठराविक मुदतीत निघावीत, आणि सरकारी वकील बदलायचा तर हायकोर्टाची परवानगी घ्या. खोटी केस असेल तर नेत्याचाच फायदा, अडीच वर्षांत डाग धुतला जाईल. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या हायकोर्टांना अशा खटल्यांवर स्वतः लक्ष ठेवायला सांगितलंय, म्हणजे यंत्रणेचा पाया तयार आहे, फक्त आदेश असूनही तारखा पडतात त्या कोणामुळे पडल्या हे त्या हायकोर्टाने दर तीन महिन्यांनी जाहीर करावं. हा नियम २००४ मध्ये असता तर सावनेरच्या मतदाराला २००९ च्या आधी कळलं असतं की आपला आमदार दोषी आहे की निर्दोष, आणि केदारांनाही एकवीस वर्षं संशय घेऊन फिरावं लागलं नसतं.

राहता राहिले पैसे. फौजदारी खटल्यात शिक्षा झाली, आमदारकी गेली, पण त्याने बँकेच्या तिजोरीत रुपया परत येत नाही. त्यासाठी सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली वेगळी चौकशी असते, नुकसान कोणी किती भरायचं ते ठरवणारी. तीही वर्षानुवर्षं रेंगाळली, २०२३ चा निकाल आला तेव्हासुद्धा संपलेली नव्हती. आमदारकीच्या बातमीवर आठवडाभर चर्चा झाली. या चौकशीची पुढची तारीख कधी आहे हे मात्र नागपूर जिल्ह्यातल्या प्रत्येक सेवा सोसायटीच्या सभासदाने आमदाराला, खासदाराला आणि सहकारमंत्र्याला विचारायला पाहिजे, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत.